‘पिठाचे पंजे’ : फाळके यांचें एक प्रहसनचित्र व त्याची योग्यता

पोथ्या, बखरी, महजर आणि शिलालेख यांच्या चर्चेस वाहिलेल्या त्रैमासिकांत एका हास्यपर मूक चित्रपटाविषयीं टिपण यावें, हें कांहीं वाचकांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु बखरीचा काल ठरवितांना, दोन प्रतींतील मूळ पाठ निवडतांना, किंवा महजरावरील एखाद्या नांवाची शहानिशा करतांना आपण ज्या कसोट्या लावतों, त्यांचीच आज चित्रपटाच्या इतिहासास गरज पडूं लागली आहे. शंभरांहून अधिक वर्षें लोटलेली वस्तु, मग ती तालपत्रावर असो वा सेल्युलॉइडच्या फितीवर असो, संशोधकाच्या कक्षेंत येतेच. शिवाय ही फीत तालपत्राहून पुष्कळ अधिक नाशवंत आहे.

प्रस्तुत लेखांत धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या ‘पिठाचे पंजे’ या छोट्या प्रहसनचित्राचा विचार करावयाचा आहे. या चित्रासंबंधीं दोन मतें बोलण्यांत येतात. पहिलें असें कीं, हें पौराणिक चित्रपटास जोडलेलें केवळ शेपूट होय. त्याची स्वतंत्र दखल घेण्याचें कारण नाहीं. दुसरें असें कीं, मूकपटांतील आपला सारा विनोद पाश्चात्य नटांची, विशेषतः चॅप्लिनची, नक्कल होय. हीं दोन्ही मतें प्रमाणांपुढें टिकत नाहींत, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम कर्त्याविषयीं. नगर जिल्ह्यांत कोपरगांव-पुणतांब्यास येणारी गोदावरी ज्या त्र्यंबकेश्वराहून निघते, त्याच त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं फाळके यांचा जन्म झाला; नाशिकास १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं ते निवर्तले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. छायाचित्रण, ठसे करणें, रंगीत छपाई व जादूचे प्रयोग हे उद्योग त्यांनीं क्रमानें हाताळले. आमच्या वाचकांस विशेष जवळची गोष्ट ही कीं, कांहीं काळ ते सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नकाशेकार म्हणून नोकरीस होते. १९१२ च्या आरंभीं ते विलायतेस गेले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व फितीस भोंकें पाडण्याचें यंत्र यांची तजवीज करून परत आले, आणि कुंडींतील वाटाण्याचा अंकुर वाढतांना दाखविणारें मिनिटाभराचें चित्र त्यांनीं प्रथम घेतलें. फितीस भोंकें पाडणें, रसायनें कालविणें, चित्रणाच्या वेळीं प्रकाश फेंकण्यासाठीं पांढऱ्या चादरी धरून उभें राहणें आणि सर्व मंडळींचें जेवणखाण पाहणें, हीं कामें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. तेव्हां ‘कर्ता’ या पदानें एकाच व्यक्तीचा बोध करून घेणें येथें बरोबर होणार नाहीं. या चित्रांस घरचा कारखाना म्हणावें हेंच यथार्थ.

आतां कालनिर्णय. ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला मोठा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यानंतर फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास नेला व तेथें ‘मोहिनी भस्मासुर’ तयार केला. या चित्रपटांत दुर्गाबाई कामत यांनीं पार्वतीची व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं मोहिनीची भूमिका केली. आपल्याकडील पडद्यावर स्त्रियांनीं काम करण्याचा आरंभ येथून झाला. ‘पिठाचे पंजे’ हें प्रहसन याच चित्रपटाच्या जोडीस दाखविण्यांत आलें. कांहीं सूचींत या जोडीस १९१३ व कांहींत १९१४ असा सन दिलेला आढळतो. यांत विरोध मानण्याचें कारण नाहीं. ग्रंथाचा रचनाकाल व प्रतीचा लेखनकाल हे जसे आपण वेगळे धरतों, तसे चित्राच्या निर्मितीचा व प्रदर्शनाचा हे दोन काल वेगळे धरले म्हणजे झालें. निर्मिति १९१३ मधील व मुंबईचें प्रदर्शन १९१४ च्या जानेवारीच्या आरंभींचें, असा या दोन सनांचा मेळ बसतो.

हा कालनिर्णय कोरडा नाहीं. नकलेच्या आक्षेपाचा निकाल त्यावरच लागतो. चार्ल्स चॅप्लिन याचें पहिलें चित्र अमेरिकेंत २ फेब्रुवारी १९१४ रोजीं प्रसिद्ध झालें, आणि ढगळ पाटलोण व आंखूड कोट घातलेला त्याचा प्रसिद्ध वेष त्याच आठवड्यांत प्रथम लोकांनीं पाहिला. म्हणजे वरीलपैकीं कोणताहि सन घेतला, तरी नाशिकचें प्रहसन आधींचें ठरतें. जें जन्मासच आलें नव्हतें त्याची नक्कल कशी संभवेल? फ्रान्सांतील माक्स लिंडर मात्र १९०५ पासून विनोदी चित्रांत काम करीत होता, आणि फ्रेंच चित्रें मुंबईच्या चित्रगृहांत येत असत; त्यांचा संस्कार फाळके यांच्यावर झाला असणें शक्य आहे. परंतु संस्कार आणि नक्कल यांत भेद आहे. भारवीवर कालिदासाचा संस्कार आहे म्हणून किरातार्जुनीयास कोणी नक्कल म्हणत नाहीं.

आतां ‘शेपूट’ या आक्षेपाकडे वळूं. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रथम दाखविला गेला त्या वेळच्या जाहिरातींतील कार्यक्रम पाहण्यासारखा आहे. मुख्य चित्रपटाच्या जोडीस आयरीन डेलमार नांवाच्या बाईंचें नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचा एक विनोदी प्रवेश, पायांनीं वस्तु झेलणारा अलेक्झांडर आणि ‘टिप-टॉप’ विनोदी चित्रें, असा तो बेत होता. म्हणजे १९१३ च्या मे महिन्यांत सत्त्ववान् राजाची कथा आपली, पण हंसविण्याचें काम मात्र परक्यांकडे सोंपविलेलें. पुढच्या जानेवारींत पाहावें तों कथाहि आपली व हंसविणेंहि आपलें. अवघ्या आठ महिन्यांतील हें अंतर आहे. हंसविणारे परके घेऊन भागत असतांहि फाळके यांनीं वेगळा खर्च व वेगळे श्रम करून स्वतःचें प्रहसन घेतलें. स्वदेशीच्या चळवळींतून आलेल्या माणसानें करमणुकीचा हा शेवटचा तुकडाहि घरींच करावयाचें मनांत आणलें, यास शेपूट म्हणणें अन्यायाचें आहे.

याला एक व्यावहारिक अंगहि आहे. ‘मोहिनी भस्मासुर’ याची लांबी ३,२४५ फूट सांगतात. त्या काळच्या फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें बसत, व सेकंदास सोळा चित्रें या वेगानें ती फिरविली असतां एका फुटास एक सेकंद लागे. म्हणजे हा सारा चित्रपट सुमारें चोपन्न मिनिटांत संपतो. आमचा त्या काळचा प्रेक्षक रात्र रात्र नाटक पाहणारा. तासाभरांत त्याचें समाधान होणें कठीण. सुरतेस ‘हरिश्चंद्रा’ला पहिल्या दिवशीं फार थोडें उत्पन्न झालें, तेव्हां फाळके यांनीं तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें व दोन मैल लांबीचें चित्र अशी जाहिरात केली व गर्दी लोटली, असें सांगितलें जातें. या दोन आंकड्यांची झडती घेणें मनोरंजक आहे. सत्तावन्न हजारांस सोळांनीं भागिलें असतां ३,५६२ फूट येतात, व ‘हरिश्चंद्रा’ची लांबी ३,७०० फूट सांगतात, म्हणजे पहिला आंकडा बहुतांशीं खरा. दोन मैलांचे मात्र १०,५६० फूट होतात; तेव्हां दुसरा आंकडा जवळजवळ तिपटीनें फुगविलेला. बखरींतील फौजांच्या आंकड्यांची ज्यांस संवय आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. पण लांबीची ही ओढ खरी होती, आणि ती भागविण्यासच जोडचित्राची योजना आली.

ही योजना सर्वस्वीं परकी नव्हे. गेल्याच्या मागील शतकांत आपल्या नाटकमंडळ्या पौराणिक आख्यान संपल्यावर ‘फार्स’ करून दाखवीत, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्याहि पलीकडे पाहिलें तर भरतानें दशरूपकांत प्रहसनास स्वतंत्र स्थान दिलें आहे, आणि पल्लव राजा महेंद्रवर्मा याचें ‘मत्तविलास’ राजाच्या हातून उतरलेलें आहे. तेव्हां पुराणानंतर प्रहसन हा क्रम फाळके यांनीं रंगभूमीच्या वहिवाटींतून उचलला, असें मानण्यास आधार आहे. क्रम मात्र उचलला. सामग्री उचलतां येण्यासारखी नव्हती. मराठी फार्साचा सारा जोर बोलण्यावर, कोट्यांवर व श्लेषांवर. भरतानें हास्याचे जे विभाव सांगितले, त्यांतील असत्प्रलाप, म्हणजे वेडेंवांकडें बोलणें, मूकपटास वर्ज्यच. उरतात ते विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य इत्यादि, म्हणजे डोळ्यांस दिसणारे. चित्रांच्या मधील लेखपट्ट्यांवर श्लेष करावा, तर फाळके यांच्या चित्रांत त्या इंग्रजी व हिंदींत असत. एका भाषेंतील कोटी दुसरींत उतरत नाहीं. तेव्हां मूक प्रहसन करणाऱ्यास विनोद नव्यानेंच घडवावा लागणार होता. फाळके यांच्या प्रयत्नाची योग्यता या अडचणीच्या मापानें मोजली पाहिजे.

आतां नांवाचा विचार करूं. ‘पीठ’ हा शब्द संस्कृत ‘पिष्ट’ यापासून आलेला, ‘पंजा’ हा फारशी. एक जात्याखालचा, दुसरा दरबारी कागदांतून व मोहरमाच्या मिरवणुकींतून आपल्या बोलींत मुरलेला. फाळके यांच्या त्याच दशकांतील इतर छोट्या चित्रांचीं नांवें याच्या शेजारीं ठेवून पाहावीं: ‘लक्ष्मीचा गालिचा’, ‘आगकाड्यांची मौज’. गालिचा फारशींतून आलेला. मौज मूळची अरबी, फारशीच्या वाटेनें आलेली. उलट पक्षीं मोठ्या चित्रांचीं नांवें ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ अशीं शुद्ध तत्सम. हा भेद योगायोगाचा दिसत नाहीं. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो व विदूषक प्राकृत. प्रेक्षक कान टवकारतो तेव्हांच त्यास रसाची सूचना मिळते. येथें तीच व्यवस्था नांवांच्या पातळीवर आढळते. देवांच्या कथेस देववाणी, हंसण्यास घरचें पीठ. शिवाय काळ्या-पांढऱ्या चित्रास पीठ ही वस्तु फार सोईची. त्या काळच्या फितीस तांबडा रंग काळा दिसे, कुंकूहि काळें उमटे. परंतु पांढऱ्या पिठाचा ठसा तंबूच्या अगदीं मागच्या रांगेस देखील स्पष्ट दिसावा. ठसे व छपाई यांत हयात घालविलेल्या माणसानें हें नांव निवडावें, यांत औचित्य आहे.

नांवांच्या या खेळाचा आणखी एक पुरावा आहे. जादूचे प्रयोग करतांना फाळके ‘प्रोफेसर केळफा’ असें नांव घेत, व या नांवानें त्यांनीं जादूचें चित्रहि काढलें. ‘फाळके’ हीं तीन अक्षरें उलटीं वाचलीं कीं ‘केळफा’ होतें. भारवीच्या पंधराव्या व माघाच्या एकोणिसाव्या सर्गांतील गतप्रत्यागत बंध ज्यांनीं सोडविले आहेत, त्यांस ही युक्ति ओळखीची वाटेल. येथें तिचा उपयोग पांडित्य मिरविण्यास नसून स्वतःस हंसण्यास केलेला आहे. भरत ज्यास आत्मस्थ हास्य म्हणतो, त्याच्या जवळचा हा प्रकार होय. आपलेंच नांव उलटें टांगून घेणाऱ्या माणसास विनोदाची उसनवारी करण्याची गरज नव्हती.

फाळके यांचा विनोद पडद्यावर कसा दिसे, हें ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटावरून पारखतां येतें, कारण तो बहुतांशीं शिल्लक आहे. त्याच्या आरंभीं कृष्णाची भूमिका करणारी फाळके यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी प्रेक्षकांपुढें मुखाभिनयाचे नमुने दाखविते. कथेस सुरुवात होण्यापूर्वीं नटाचें सामर्थ्य असें उघडें करून ठेवणें, हें नांदीचें व प्रस्तावनेचें काम आहे. पुढें कृष्णाच्या खोड्या येतात. त्यांपैकीं एकींत तो रात्रीं एका धनिकाच्या शय्यागृहांत शिरतो व निजलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांशीं बांधून ठेवतो. हा प्रसंग पूर्णपणें दृश्य आहे. त्यास एका शब्दाची गरज नाहीं. भरतानें स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे हास्याचे सहा भेद उत्तम-मध्यम-अधम प्रकृतींस अनुसरून लाविले आहेत. या प्रसंगांत निजलेल्यांवर आपण मोठ्यानें हंसतों, पण मुलाच्या मुद्रेवर स्मितच असतें. दोन प्रकृतींचीं हास्यें एकाच चौकटींत आणण्याचें हें कसब लहान नव्हे.

दोष दाखविणेंहि परीक्षकाचें कर्तव्य आहे. फाळके यांचा कॅमेरा बहुधा प्रेक्षागृहांतील पहिल्या रांगेंतल्या माणसाप्रमाणें समोर स्थिर बसतो. त्यामुळें हंसें एकदां उसळून शांत होतें, एका फजितींतून दुसरी व तींतून तिसरी अशी चढती पायरी लागत नाहीं. त्याच सुमारास अमेरिकन विनोदी चित्रांनीं ही चढण साधली होती. दुसरें असें कीं, ‘कालियामर्दना’ंतील हास्य शेवटीं भक्तीच्या ओट्यांत जातें. खोडकर मूल देव आहे हें कळल्यावर फजीत झालेल्यांची बाजू कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच देवाचें नांव नसलेलें, पिठासारख्या घरगुती वस्तूवर नांव घेतलेलें प्रहसन त्यांच्या कृतींत वेगळें ठरतें. ही वाट त्यांनीं पुढें रुंद केली असती, तर मराठी सामाजिक विनोदपट कदाचित् लौकर उदयास आला असता. लोकांनीं देवांस अधिक उत्पन्न दिलें, व कारखान्यास उत्पन्न हवें होतें.

इतर प्रांतांशीं तुलना केली असतांहि या चित्राचें स्थान स्पष्ट होतें. बंगालमध्यें धीरेंद्रनाथ गांगुली यांच्या ‘बिलेत फेरत’ (१९२१) या चित्रपटास विनोदाच्या इतिहासांत मोठा मान आहे, व तो योग्यहि आहे. विलायतेहून परतलेल्या तरुणाची त्यांत थट्टा आहे. कालिपद दास यांचा ‘जमाईबाबू’ (१९३१), ज्यांत खेड्यांतला जांवई कलकत्त्यास येऊन फजीत होतो, सुदैवानें आजहि पाहतां येतो. पण ‘बिलेत फेरत’च्याहि सात वर्षें आधीं नाशिकच्या प्रहसनाचें मुंबईस प्रदर्शन झालेलें आहे. इतिहासकारांनीं आद्य विनोदपटांची गणना करतांना केवळ लांबी कमी म्हणून तें वगळणें, हें एका श्लोकाचें सुभाषित ग्रंथ नव्हे म्हणून टाकून देण्यासारखें आहे.

आतां संग्राहकांस विनंति करावयाची ती अशी. भारतांत सुमारें तेराशे मूक चित्रपट झाले, व त्यांतील जेमतेम पंचवीस-तीसच पूर्ण वा खंडित स्वरूपांत उरले आहेत. पुण्यास १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें नसतें, तर हेहि राहिले नसते. उरलेल्यांतहि पाठनिर्णयाचे प्रश्न आहेतच: ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जीं रिळें दाखवितात, तीं १९१३ चीं नसून फाळके यांनीं १९१७ मध्यें पुनः घेतलेल्या चित्राचीं आहेत, असें वीरचंद धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकानें साधार प्रतिपादिलें आहे. पहिली प्रत गेली व दुसरी तिच्या नांवानें वावरते, हा प्रकार आपणांस पोथ्यांत नित्य भेटतो.

यांत नगर जिल्ह्यांतील मंडळींस विशेष कांहीं करतां येण्याजोगें आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानें चित्रें दाखविण्याच्या जागेस जिल्हा मॅजिस्ट्रेटचा परवाना आवश्यक केला. यात्रेंतील तंबूंचे व गांवोगांवच्या खेळांचे असे परवाने, नगरपालिकांचे जागेचे ठराव, छापखान्यांनीं काढलेलीं हस्तपत्रकें, तिकिटांच्या पावत्या आणि मुख्यतः तंबूवाल्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, हीं सर्व साधनें आहेत. मोठ्या चित्राचें नांव वर्तमानपत्रांत येई. जोडीचें प्रहसन कोणतें होतें, हें बहुधा अशा वहींत किंवा हस्तपत्रकाच्या खालच्या ओळींतच सांपडावयाचें. त्या काळीं पुष्कळांचा जमाखर्च मोडींत असे. चित्रपटाचे अभ्यासक पुष्कळ झाले, पण मोडी वाचणारे त्यांत विरळा. आमच्या वाचकांत ते आहेत. अहमदनगरचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें, तरी येथील दप्तरें जुन्या नांवानेंच शोधावीं लागतील, हेंहि ध्यानांत असावें. येथील वस्तुसंग्रहालयांत १९६० पासून जुने कागद एकत्र येत आहेत. त्यांत हेहि कागद यावेत.

कोणाच्या माळ्यावर जुन्या फितीचा डबा आढळलाच, तर एक सावधगिरी अवश्य बाळगावी. त्या काळची फीत नायट्रेटची असून ती अतिशय ज्वालाग्राही असते. तिला उग्र वास येऊं लागला, ती चिकट वा तपकिरी झाली, म्हणजे तिचा नाश सुरू झाला असें समजावें. ती यंत्रावर चढवूं नये, दिव्याजवळ उलगडूं नये, उन्हांत वा बंद पेटींत ठेवूं नये. थंड व हवेशीर जागीं ठेवून विनाविलंब पुण्याच्या संग्रहालयास कळवावें. चांदी काढून घेण्यासाठीं अशा कित्येक फिती मोडींत गेल्या आहेत. ताम्रपट भांडें करण्यासाठीं वितळविला गेला म्हणून जे हळहळतात, त्यांनीं याहि हानीची नोंद घ्यावी, आणि आपापल्या तालुक्यांत आढळलेल्या कागदांच्या नकला, ठिकाण व मालक यांच्या उल्लेखासह, या त्रैमासिकाकडे पाठवाव्या.